नाकाला नाक

कॅन्सरने नाक गेलं, तेव्हा मेरेआनाने प्लास्टिकचं नाक नको म्हटलं. मराएच्या, म्हणजे जमातीच्या सभास्थानाच्या, अंगणात माणसं नाकाला नाक टेकवून भेटतात. तिथे तिला जिवंत नाकच हवं होतं. डॉक्टरांनी तिच्या हाताची कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलली आणि नवं नाक घडवलं.

ती घरी रोटोरुआला परतली, तर जो तो गालाचा मुका घेऊन पुढे सरके.

“मावशी, पक्कं बसलंय गं!”

“असू दे. माझ्या या भोपळ्याएवढ्या नाकाची धडक नको बाई तुला,” हुहानामावशी हसली.

शेवटी चार वर्षांची लेक, अनाहेरा, मांडीवर चढली. मेरेआनाने डोळे मिटले आणि ती लेकीचं इवलंसं नाक टेकायची वाट पाहू लागली.



“आई, अजून किती वेळ टेकवून ठेवू?”