शेकडा सहा

पैज अगदीच पोरकट होती. हरेल त्याने जिंकणाऱ्याला पाठुंगळीला घ्यायचं आणि दुकानापासून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचं, तिथून परत. तेही संध्याकाळी, गल्ली भरलेली असताना.

लावली प्लंबरने. टेलर मास्तर दुकानाच्या पायरीवर बसून नव्या फ्लॅटचा हिशेब शेजाऱ्यांना वाचून दाखवत होते. फ्लॅट भाड्याने द्यायला घेतलेला, कागद आदल्या दिवशीच झालेले. शिवणीत दाब सोडावा तसा मास्तरांनी हिशेबही सैल धरला होता. भाडं बारा नाही, दहाच महिन्यांचं. त्यातून घरपट्टी गेली, सोसायटी गेली, रंग गेला, बारीकसारीक डागडुजी गेली. सगळं जाऊन शेकडा सहा सुटत होते. मास्तरांचे डोळे दगा द्यायला लागले होते, सुईत दोरा बायको ओवून द्यायची. सहा सुटले की मशीन बंद, असं दोघांचं ठरलेलं. तिच्या बांगड्या त्यातच गेल्या होत्या.

"मास्तर, वर्षाच्या आत डागडुजी तुमचं भाडं गिळून ढेकर देईल," प्लंबर म्हणाला. "लावता?"

मास्तरांनी हसत हात पुढे केला. तीस वर्षांचा शेजार. फ्लॅट दाखवायलाही हाच घेऊन गेला होता, नळ उघडून बघ, भिंत ठोकून बघ, सगळं यानेच केलेलं. आता आपणच पसंत केलेल्या घरावर उलटी पैज लावतोय म्हणून लोक खो खो हसले. हा गडी स्वतःच्या लग्नावरही पैज लावेल, असं किराणावाला म्हणाला.

पाचव्या महिन्यात बाथरूमची भिंत फुगली. भाडेकरू सामान आवरून गेला. सातव्यात खालच्यांचं छत ठिबकायला लागलं, ते नीट करणंही मास्तरांच्याच डोक्यावर आलं. प्लंबर दर खेपेला यायचा, चुकचुकायचा, वरवर काहीतरी चोळायचा आणि शेजाऱ्याकडून कसली मजुरी म्हणत निघायचा. अकराव्या महिन्यात मास्तरांनी त्याला न विचारता एक गवंडी आणला आणि भिंत फोडली.

गवंड्याने पाईपच्या सांध्याभोवती गुंडाळलेली कुजकी चिंधी ओढून काढली आणि त्यांच्या हातात दिली. डोळे कितीही अधू असोत, बोटांना कापड कळतंच. जांभळं साटीन होतं.

ते त्यांनी जन्मात एकदाच कापलं होतं, बँडवाल्यांच्या कोटांसाठी. फ्लॅट बघायला गेले त्याच्या आदल्या आठवड्यात. उरलेल्या चिंध्या पोत्यात भरून कोणी नेल्या, ते आठवायला त्यांना जोर द्यावा लागला नाही.

त्याच संध्याकाळी मास्तर गल्लीत येऊन उभे राहिले आणि आपण हरलो म्हणून त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकले. गळ्यात नेहमीची टेप, टेपच्या शेजारी ती चिंधी.

प्लंबर धावत आला आणि टुणकन चढला. किराणावाल्याने रिकामा डबा बडवायला घेतला. भाजीवाली म्हणाली, माप घेऊन शिवलाय की काय मास्तर, पाठीला अगदी बरोबर बसलाय. प्लंबर दोन्ही हात वर करून गल्लीला सलाम ठोकत होता. मग तोल सावरायला त्याने मास्तरांच्या गळ्याला धरलं, आणि ती जांभळी चिंधी त्याच्या बोटांत आली.

"मास्तर," कानाशी बारीक आवाज आला, "आधीच्या मालकाने हात ओले केले माझे. पण आईशप्पथ, मला वाटलं चार-पाच वर्षं सहज टिकेल."

"मग पैज का लावलीस?"



गल्लीचं टोक आलं. पुरे झालं, पोचली पैज, उतरवा आता, असं प्लंबर पुटपुटत होता, पाय सोडवून घ्यायला बघत होता. मास्तरांनी त्याच्या मांड्यांखालची पकड आणखी आवळली, दम घेतला आणि वळले.

"गप बस," ते म्हणाले. "अजून परत जायचंय."

दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते.