वेगळा टब

कमळाकरने कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि पिवळा फुलपाखरू मासा अखेर जाळीत आला. त्याच्या अंगभर पांढरे ठिपके होते, कुणी रवा भुरभुरावा तसे.

"हे पाहा, आई," तो म्हणाला, "खाऱ्या पाण्यातल्या माशांना होणारा हा त्वचेचा रोग. एकाला झाला की अख्ख्या टाकीला धरतो."

ऐकत होत्या चांगुणाबाई, शेजारच्या रावसाहेबांच्या आई. परभणीकडच्या गावाहून कालच वाशीला आल्या होत्या आणि घरात समुद्र पाळणारा माणूस बघायचा म्हणून लेकाबरोबर इथे आल्या होत्या. कमळाकर आणि रावसाहेब एकाच ऑफिसात, एकाच मजल्यावर. रावसाहेब रोज संध्याकाळी कमळाकरकडे डोकावत. उरणहून टाकीसाठी पाणी आणायचं तर कमळाकर स्कूटर चालवी आणि मागे रावसाहेब मांडीवर कॅन धरून बसत, पँट भिजवून घेत. "माझा जिवाभावाचा मित्र," असं कमळाकर चारचौघांत सांगे आणि ते खोटं नव्हतं.

समजावून सांगायची त्याला भारी हौस. मासा आधी बादलीतल्या गोड्या पाण्यात बुडवून काढला, मग कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या टबात सोडला. टबात खारं पाणी आणि औषधापुरता किंचित मोरचूद. "हा टब ह्याचा एकट्याचा. जाळी वेगळी, तांब्या वेगळा. ह्यातलं काही तिकडं लागता कामा नये." हे सांगताना आपण अगदी डॉक्टर दिसतोय, असं त्याला वाटत होतं.

त्याच्या बायकोने, विमलबाईंनी, चहा आणला. कमळाकरला फुलाफुलांची कपबशी. रावसाहेबांना आणि चांगुणाबाईंना निळ्या काठाचे, टवके उडालेले कप. हे कप मांडणीवर नसत, मोरीच्या खिडकीत पालथे असत. रावसाहेब बौद्ध होते, आणि कमळाकरच्या खाडीकाठच्या गावातली म्हातारी माणसं घरी जेवायला येत. त्यांना काय वाटेल, असं विमलबाईंचं म्हणणं. कमळाकरने एकदा विषय काढला होता आणि घरात कटकट नको म्हणून लगेच सोडूनही दिला होता. रावसाहेबांच्या हे लक्षात आलेलं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. चहा झाल्यावर रावसाहेब कप विसळून नेमका त्या खिडकीतच का ठेवतात, हे मात्र त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

चांगुणाबाईंनी आपल्या हातातला कप पाहिला. मग लेकाचा. मग कमळाकरचा. मग टबाकडे वळून विचारलं, "अन् बरा झाल्यावर ह्याला कुटं ठिवता?"

"परत मोठ्या टाकीत, सगळ्यांत," कमळाकर उत्साहात म्हणाला. "आजारच गेला, तर वेगळं ठेवायचं कारण काय?"

आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

चांगुणाबाईंच्या आवाजात राग नव्हता. "मंग आमाला कंचा आजार हाय, बाबा?"

विमलबाई पदराला हात पुसत आत गेल्या. कमळाकरच्या हातावरून खारं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस वाटली नाही ती लाज आज कुणी तोंडावर विचारलं म्हणून वाटतेय, ह्याची तर जास्तच लाज वाटली. कप बदलून आणतो म्हणावं, असं मनात आलं. पण कप बदलायचा तर तो वेगळा होता हे आधी कबूल करावं लागणार होतं. त्याने रावसाहेबांकडे पाहिलं. हा मित्र हसण्यावारी नेईल, आपल्याला सोडवेल, अशी त्याला अजूनही आशा होती.

रावसाहेबांनी चहा संपवला. ऑफिसात आणि इथे ते छापील मराठी बोलत. आईच्या खांद्यावर हात ठेवून ते पहिल्यांदाच त्याच्यासमोर आपल्या गावाच्या बोलीत बोलले, अगदी शांतपणे.

"आपल्याला कायबी झालं न्हाई, आये. आजारी हे हायेत. म्हनून तर मी रोज बघाया येतो."