तीन भाकरी

खोदकाम चाललेल्या विहिरीची उगवतीकडची बाजू खचली तेव्हा तातेराव तळाशी होता. त्याचा जोडीदार राजानंद दोर धरून अर्ध्यावर आला होता, म्हणून वाचला. त्याची बायको बेबीनंदा टेंभुर्णीहून पळत त्या शेतावर पोचली तोवर बारा वाजून गेले होते आणि अर्धं गाव काठाभोवती जमलं होतं.

तातेराव जिवंत होता. तळाच्या कपारीत अडकला होता आणि समोर दगडमातीचा ढीग आला होता. हाक मारली की ओ देत होता. आवाज यायला फट होती, पण तिच्यातून बोटही जात नव्हतं.

तालुक्याहून नायब तहसीलदार आले होते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर शरयूही आल्या होत्या. राजानंदचं एकच चाललं होतं.

"साहेब, चार गडी द्या. हातानं माती काढतो. तासाभरात पोचतो त्याच्यापातुर."

"आणि उरलेली बाजू तुमच्या अंगावर आली म्हणजे?" साहेब म्हणाले. "पोकलेन निघालंय. अडीच तासांत येईल. आधी दरड मोकळी करायची, मगच माणूस उतरवायचा. डॉक्टर, तोवर हा तग धरेल?"

डॉक्टर बेबीनंदाकडे वळल्या.

"ताई, यांना काही आजार?"

"शुगर हाय. इंजेक्शन घेतेत."

"आज घेतलं?"

"हौ. सकाळी आठाला."

"आणि त्यावर खाल्लं काय? नीट आठवून सांगा."

आठवायला काही लागतच नव्हतं. पायाच्या जखमेनं तातेराव तीन महिने घरी होता. रोजानं ती एकटी जात होती. सकाळी ताट वाढताना तिच्या तोंडून निघून गेलं, "बसून ऱ्हाणाराला बी तीन-तीन भाकरी लागतेत." त्यानं घासही मोडला नाही. ताट सरकवलं, कोपऱ्यातली पहार उचलली आणि राजानंदच्या घराकडे निघून गेला.

शेजारी सासू तोंडात पदर धरून उभी होती. मागे सगळी आळी होती. सगळे बेबीनंदाच्या तोंडाकडे बघत होते.

"तीन भाकरी," ती म्हणाली. "आन पिठलं."

डॉक्टरांनी मनात हिशेब केला. "खोदकाम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला तीन-साडेतीन हजार कॅलरी लागतात, साहेब. यांच्या पोटात सकाळीच आठशे-नऊशे गेल्यात. इंजेक्शनानं साखर उतरते, पण तीनपर्यंत निभावेल. उपाशी असते तर मी थांबा म्हटलं नसतं."

"मग थांबू," साहेब म्हणाले.

राजानंदनं कमरेचा दोर सोडला आणि खाली बसला.

एक वाजेपर्यंत तातेराव नीट बोलत होता. पाय कुठे अडकलाय ते सांगत होता, पाणी मागत होता. मग त्याची बोलायची तऱ्हा बदलली.

"राजा," त्यानं खालून विचारलं, "बँड कुणाचा वाजून राह्यला रे?" आणि तो हसला. बराच वेळ हसत राहिला.

काठावरची माणसंही हसली. "गडी मजेत हाय," कुणीतरी म्हणालं. डॉक्टर बाजूला झाडाखाली पोकलेनच्या ड्रायव्हरशी फोनवर बोलत होत्या.

हे हसणं बेबीनंदानं एकदा ऐकलं होतं. मागच्या उन्हाळ्यात जेवायला उशीर झाला होता आणि तातेराव असाच हसत हसत उंबऱ्यात कोसळला होता. दातखीळ बसली होती. तिनं बोटं घालून तोंड उघडलं होतं आणि साखर कोंबली होती.

झाड दहा-बारा पावलांवर होतं. सासूच्या समोरून जावं लागणार होतं. ती गेली.

"मॅडम, मी खोटं बोलले. त्यांनी काहीच खाल्लं न्हाई. माझ्या बोलण्यावरून ताटावरून उठून गेले."

डॉक्टरांनी फोन कानावरून खाली घेतला. घड्याळ बघितलं. तशाच काठाकडे धावल्या. "साहेब, ते उपाशी आहेत, आता थांबता येणार नाही."

राजानंदनं पुन्हा दोर बांधला. त्याच्यामागं तिघं उतरले. सासू बेबीनंदाजवळून सरकून पलीकडच्या बायांत जाऊन बसली.

"त्यांच्याशी बोलत राहा," डॉक्टर बेबीनंदाला म्हणाल्या. "झोपू देऊ नका."

ती काठावर पालथी पडली आणि मान आत घातली.

"अवो."

खाली फावडी चालली होती. घमेली वर येत होती.

"अवो, आवाज द्या ना."

"कोण?" खालून आलं. जीभ जड झाली होती.

"मी. बेबी."

मग तिनं तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मारणार, तेवढ्यात तो बोलला. अगदी सावकाश, पण साफ.

"बेबे, तू जेवली का?"

फावडी थांबली. चौघांनीही ऐकलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी वर आल्यावर."

राजानंदनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुढचा आवाज येतो का ते ऐकायला ढिगाला कान लावला. काठावर कुणी हललं नाही. समोर उरलेल्या दरडीतून मातीची एक बारीक धार सुटली आणि त्या चौघांच्या मधून खाली पडत राहिली.