स्कार्फची पिन

मधल्या सुट्टीत माझ्या स्कर्टचा हूक तुटला. आधीच चेहरा मुरुमांनी भरलेला, त्यात हे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मैत्रिणीने मला जिन्याखाली ओढलं, स्वतःच्या स्कार्फची पिन काढली आणि स्कर्ट टाचून दिला. "तुझं काय गं?" "मी धरते की हाताने." वर्गात आलो, तर मला हिंग लावूनही न विचारणाऱ्या मुलींनी चक्क बाकावर जागा केली. "तू नको हं," त्यांच्यातली एक मैत्रिणीला म्हणाली. "तुम्हा मुसलमानांच्या दप्तरात बॉम्ब असतो." सगळ्या खिदळल्या. मिळालेली जागा जाऊ नये म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने हसले, पोट धरून. पिन बोटाला टोचली, तेव्हा कुठे वर पाहिलं. एका हाताने हनुवटीखाली स्कार्फ आवळून ती अजून तिथेच उभी होती. कानाशी वाकून म्हणाली, "हळू हस. पिन निसटेल."