नांगराचा नेम

"इथंच टाक," सुकाणूवरून स्त्रातिस ओरडला.

बोटीच्या पुढच्या टोकाला नांगरापाशी त्याची मुलगी फोतिनी उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं. "बाबा, इथं सारांदिसची साखळी असणार! त्याची बोट बघ कुठं बांधलीय ती."

"म्हणून तर! टाक!"

नांगर खडखडत नऊ मीटर खाली गेला. स्त्रातिसनं बोट मागं घेत धक्क्याला लावली आणि फोतिनीचा नवरा लेफ्तेरिस दोर घेऊन उतरला. ग्रीसमधल्या लिप्सी बेटाच्या बंदरात बोट अशीच बांधतात. नांगर पुढं समुद्रात, पाठ धक्क्याला. आपली साखळी शेजाऱ्याच्या साखळीवर पडली, तर ती उचलल्याशिवाय शेजाऱ्याला हलता येत नाही. नवशिके हे चुकून करतात आणि बंदरभर शिव्या खातात. चाळीस वर्षांत स्त्रातिसनं एकदाही केलं नव्हतं. आज त्यानं मुद्दाम केलं.

कारण सारांदिस. स्त्रातिसच्या लग्नात नवराबायकोच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करणारा त्याचा कुंबारोस, म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा. तो सरकारी नोकरीत वजनकाटे तपासायचा. जन्मात खोटं बोलला नाही आणि दुसऱ्याला बोलू दिलं नाही. नऊ वर्षांपूर्वी स्त्रातिसच्या नातवाच्या बारशाला दीडशे माणसं जेवायला बसली होती, आणि स्त्रातिस आपण पकडलेल्या गोबऱ्या माशाची गोष्ट सांगत होता. मासा अठरा किलोपर्यंत पोचला होता. मी सांगायला असतो तर पंचवीसच्या खाली थांबलो नसतो, पण ते असो. सारांदिस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अकरा. मी तोलला होता."

माणसं इतकी हसली की पाद्रीबाबांच्या नाकातून वाइन आली.

तेव्हापासून अबोला. दोघांच्या बोटी दर उन्हाळ्यात याच बेटांतून फिरायच्या. स्त्रातिस बंदरात शिरला की दहा मिनिटांत सारांदिस नांगर उचलून चालता व्हायचा. यंदा मात्र स्त्रातिसच्या डोळ्यांचा पडदा पार बिघडला होता. पुढच्या वर्षी सुकाणूला हात लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणजे सारांदिसला गाठायचं तर याच उन्हाळ्यात.

"आणि तो नुसत्या शिव्याच देत बसला तर?" लेफ्तेरिसनं विचारलं.

"शिव्या द्यायला तोंड उघडावं लागतं," स्त्रातिस म्हणाला.

पलीकडच्या बोटीवर सारांदिसनं रिवाजाप्रमाणे इंजिन सुरू केलं. मग तो थांबला. स्त्रातिसचा नांगर कुठं पडला ते त्यानं पाहिलं होतं. वाऱ्यानं पाणी चुरगळलं होतं, वरून तळ दिसत नव्हता. त्यानं ऑक्टोपस शोधायची काचेच्या बुडाची बादली काढली, छोट्या होडीत बसला, वल्ही मारत साखळीवर गेला आणि बादलीत तोंड घातलं. बराच वेळ घातलं. इतका, की फोतिनीची कॉफी उकळून चुलीवर सांडली.

तो परत आला. इंजिन बंद केलं. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आंधळ्या बोकडा! एवढा समुद्र पडलाय, तुला माझीच साखळी सापडली?"

स्त्रातिसचा चेहरा उजळला. "नऊ वर्षांनी तोंड उघडलंस, आणि हे बोललास?"

"मग काय, आरती ओवाळू? अडकवून ठेवलंस मला!"

"मग ये जेवायला. भरले टोमॅटो आहेत. बायकोनं घरून करून दिलेत."

"तिनं केलेत? मग येतो. तुझ्यासाठी नाही, टोमॅटोंसाठी."

तो आला. टोमॅटो खाल्ले, सार्डिन खाल्ले, ऊझोत पाणी घालून तीन पेले प्याला. स्त्रातिसच्या जावयाला, म्हणजे समोरच बसलेल्या लेफ्तेरिसला, नव्या पाद्रीबाबांना आणि तुर्की वाऱ्याला नावं ठेवली. माशाचं नाव दोघांनीही काढलं नाही. पाच वाजले तरी सारांदिस उठेना.

लेफ्तेरिस भला माणूस. दाताचा डॉक्टर, अडकलेलं दिसलं की काढायला जायचा. त्यानं पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी खाली जाऊन बघतो. उद्या तुम्हाला निघायचं असेल."

"कशाला?" सारांदिस म्हणाला. "पाणी गार आहे."

"ऑगस्टात?"

आणि त्यानं उडी मारली.

तळाशी दोन साखळ्या होत्या. एक इकडं, एक तिकडं. मधे तीन मीटर स्वच्छ वाळू, आणि वाळूवर एक तारामासा आरामात पडलेला. स्त्रातिसचा नांगर कशालाच लागला नव्हता. सारांदिस सकाळीच सुखरूप निघून जाऊ शकला असता.

लेफ्तेरिस वर आला. कठड्यावर स्त्रातिस वाकून उभा होता, मान पुढं काढून.

"काय? कितपत अडकलंय?"

लेफ्तेरिसनं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला स्त्रातिसच्या मागं सारांदिस दिसला. सारांदिसनं भुवया वर केल्या आणि हनुवटी किंचित उचलली. आमच्याकडे 'नाही' म्हणायला एवढं पुरतं.

लेफ्तेरिसनं घोटभर खारं पाणी गिळलं.

"वाईट आहे," तो म्हणाला. "तीन वेढे बसलेत. चार दिवस तरी हलायचं नाव काढू नका."

स्त्रातिसनं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? आणि डॉक्टर म्हणतो, मला दिसत नाही! बघितलास नेम?"

वजनकाटे तपासणाऱ्या सारांदिसनं पेल्यातला ऊझो संपवला.

"नेम अचूक आहे, कुंबारे," तो म्हणाला. "मासा मात्र अकरा किलोचाच होता."