घेण्यासारखं आहे का, आप्पा?

"ही कडी फिरवली की व्होल्ट वाढतो, व्हय?"

"हां काका. हितं तीन पॉइंट दोन, हितं चार पॉइंट आठ." मोईननं ते जाडसर पेनासारखं यंत्र हिंदुरावांच्या हातात दिलं आणि सवयीनं दाराकडं नजर टाकली. वस्तू बंदीची. नवी पेठेतल्या त्याच्या दुकानात काचेमागं मोबाईलची कव्हरं लटकायची, ही ई-सिगारेटची यंत्रं मात्र खालच्या ड्रॉवरमध्ये असायची.

गिऱ्हाईक नेहमीसारखं नव्हतं. साठी उलटलेले गृहस्थ, पायात चप्पल नाही, आणि टोपी इतकी सैल की सारखी कपाळावर उतरत होती. बोटांना भाताची शितं चिकटली होती. ताटावरून उठून आलेला दिसतोय, असा मोईननं अंदाज बांधला.

हात मात्र सराईत होता. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात हिंदुरावांनी चौतीस वर्षं विजेचं काम केलं होतं. त्यांनी चष्मा लावला, कडी दोन्ही बाजूंना फिरवून बघितली, बटण दाबून दिवा निरखला.

"वाढवल्यावर काय हुतं?"

"धूर दाट येतो, घशाला लागतो. कॉईल पण लवकर जळते. कमी ठेवलं तर नरम."

"म्हंजे बेताबेतानं उतरवता येतं."

"तेच की. लोक वरनं सुरू करतात, मग हळूहळू खाली येतात."

"सिगरेट सुटती?"

मोईननं डोकं खाजवलं. "कुणाची सुटते, कुणाची न्हाय. गॅरंटी देत न्हाय काका. हे काय औषध न्हाय."

हे उत्तर हिंदुरावांना आवडलं. गोड बोलणाऱ्या दुकानदारावर त्यांचा कधीच विश्वास नसे.

"कुणासाठी घेताय?"

"पोरासाठी. इंद्रजीत." त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक मेसेज उघडून मोईनपुढं धरला. ह्याच यंत्राचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, 'आप्पा, सिगारेट सोडायची आहे. तुम्ही विजेतले माणूस. बघून सांगा, घेण्यासारखं आहे का?' त्याखाली दुकानाचा पत्ता.

मेसेज दोन महिन्यांपूर्वीचा होता. उत्तर दिलेलं नव्हतं.

सल्ला मागितला की माणूस सुखावतो. हिंदुराव चिडले होते. धूर तो धूर, त्यात मशीन कशाला, असं ते घरात दोन दिवस बडबडत राहिले आणि तिसऱ्या दिवशी विसरले. मुलगा दर रविवारी फोन करायचा. "बघितलं का आप्पा?" म्हणायचा. "बघू की," हे म्हणायचे आणि फोन बायकोकडं, गोजरबाईंकडं द्यायचे. हिंदुरावांच्या आवाजाला कमी-जास्त करायची कडी नव्हती. चालू, नाहीतर बंद. आता त्यांना पोराचा तो प्रश्न पुन्हा ऐकावासा वाटत होता, पुन्हा पुन्हा.

"अरे, हे भैया!" मेसेजवरचा मुलाचा छोटा फोटो बघून मोईनला आठवलं. "येऊन गेले होते. पीस बाजूला ठेवा बोलले. आप्पांना विचारतो, ते हो बोलले की नेतो. मग आलेच न्हाईत."

हिंदुरावांनी टोपी सारखी केली.

फोन वाजला. धाकटा भाऊ भिमा होता, आणि त्याचा आवाज दुकानभर ऐकू येत होता. "दादा, कुटं हायसा? जिलेबी ठिवली, शेंगाचटणी ठिवली, तोंड लावना. समदी उपाशी बसल्यात. वैनी रडायल्यात."

"आलोच," हिंदुराव म्हणाले.

मोईन हसला. "लई रुसलेत काय भैया?"

"रुसंल न्हाय तर काय. दोन म्हैनं वाट बघितली त्यानं."

"नवा पीस देतो. फक्त तासभर चार्जिंगला लावा."

"तेवढा येळ न्हाय. बाराच्या आत पोचायचंय."

मोईननं घड्याळात बघितलं, मग दाखवायला ठेवलेलं भरलेलं यंत्र पुसून पुढं केलं. "हेच न्या मग. किती व्होल्टवर लावून देऊ?"

"मी लावतो." हिंदुरावांनी कडी नखानं एकेक खूण सरकवली. "तीन पॉइंट सात. वरनं सुरू केलं तर त्याला झेपायचं न्हाय. ल्हानपणापासनं घसा नाजूक हाय त्याचा."

रिक्षात त्यांनी ते मुठीत घट्ट धरलं होतं. वाटेत मुलाला उत्तर टाइप करायला म्हणून फोन काढला, चार अक्षरं लिहिली आणि पुसली. काही गोष्टी तोंडानंच सांगायला हव्यात, एवढं त्यांना उशिरा का होईना कळलं होतं.

ते पोचले तेव्हा सगळे दाटीनं बसले होते. भिमानं हातानं लोकांना बाजूला सारून वाट करून दिली. हिंदुराव खाली बसले आणि पानाशेजारी, जिलेबीच्या बाजूला, त्यांनी ते यंत्र ठेवलं. तरीही काही होईना.

"नुसतं ठिवून काय उपेग?" गोजरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "त्यानं इचारलं हुतं, त्ये सांगा की."

हिंदुराव पुढं वाकले. "बघितलं रे," ते म्हणाले. "नीट बघितलं. घेण्यासारखं हाय. तीन पॉइंट सातवर लाव."

तसा समोरच्या पिंपळावरचा कावळा खाली उतरला, आणि पिंडाला शिवला.