मागच्या अंगणातली खोली

"कागज़ सब ठीक हैं, पर आपत्ति आई है," खिडकीपलीकडचा क्लार्क म्हणाला.

"किसकी?" अनुरागने विचारलं.

"बिल्डिंग के ही एक ओनर की. नाम नहीं बता सकते. जब तक वापस न लें, मंज़ूरी नहीं मिलेगी."

हरकत घेणाऱ्याचं नाव सांगायची गरजच नव्हती. अनुरागला ते ठाऊक होतं.

दिल्लीच्या द्वारका भागातला त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर होता, आईच्या, म्हणजे कुमुदताईंच्या, आणि त्याच्या नावावर. अर्धांगवायूनंतर कुमुदताईंची व्हीलचेअर बाथरूमच्या अरुंद दारातून आत जाईना. दर वेळी अनुराग त्यांना उचलून नेई. मागच्या अंगणात एक खोली आणि रुंद दाराचं बाथरूम बांधलं की प्रश्न सुटणार होता. त्यांना सांभाळायला दिवसा येणारी अरुणा मग मुक्कामाला राहणार होती आणि अनुरागला बंगळुरूला बढतीवर जाता येणार होतं. ऑफिसने त्याला दोनदा मुदत वाढवून दिली होती.

त्यासाठी नकाशा, इंजिनिअरचा दाखला आणि वरच्या तिन्ही मजल्यांची संमती लागत होती. दोन मजल्यांनी लगेच सह्या दिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या सुधाकरकाकांनी मात्र कागद आठ दिवस ठेवून घेतला. सही करताना म्हणाले, "एवढी घाई कशाला करतोस रे?"

घरी आल्यावर अनुरागने आईला सांगितलं. तिने डावा हात त्याच्या गालावरून फिरवला.

"होईल रे सगळं. तू जेवलास का?"

तो तसाच तिसऱ्या मजल्यावर गेला.

"काका, खालच्या बाईला धड बाथरूमलाही जाता येऊ नये, हेच हवंय ना तुम्हाला?"

"मी सही दिली आहे, अनुराग."

"मग हरकत कोणाची?"

काकांनी दाराची कडी धरली. "ते मला विचारू नकोस," एवढंच म्हणाले.

अनुरागला तेवढं पुरलं. काका रोज दुपारी कुमुदताईंशी पत्ते खेळायला येत. दुसऱ्या दिवसापासून त्याने अरुणाला दार उघडायला मनाई केली.

"भावजी येत नाहीत हल्ली?" कुमुदताईंनी एकदा विचारलं.

"नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुपारी मात्र बेल वाजली की मान दाराकडे वळे.

दिवाळीनंतर बंगळुरूची जागा दुसऱ्याला मिळाली. अनुरागने ते आईला सांगितलं नाही, पण तिला कळलंच. त्या रात्री तिने दोन घास जास्त खाल्ले. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात ती गेली.

सुधाकरकाका खाली आले आणि तिरडीला हात लावायला वाकले.

"तुम्ही नको," अनुराग सगळ्यांसमोर म्हणाला.

काका मागे सरले. चपला हातात घेऊन जिन्यापाशी उभे राहिले, शववाहिनी फाटकाबाहेर जाईपर्यंत.

तेरावं झाल्यावर अनुराग अर्ज मागे घ्यायला गेला. क्लार्कने मृत्यूचा दाखला पाहिला आणि आवाज हळू केला.

"माताजी थीं? बहुत अफ़सोस हुआ." त्याने फाईल सोडली आणि एकेक कागद खिडकीतून पुढे सरकवला. नकाशा, दाखला, संमतीपत्रं. शेवटचा कागद त्याने हातातच ठेवला.

"ये आपत्ति वाला है, डाक से आया था. अब तो आप ही रखिए. ओनर लिखकर दे दे तो हमें फाइल रोकनी पड़ती है, वजह कुछ भी हो. इसमें वजह मराठी में लिखी थी, हमारे यहाँ किसी की समझ में नहीं आई. क्या लिखा है?"

अनुरागने कागद घेतला. डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती. खाली सही होती, 'कुमुद, सहमालक'. आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: 'मुलगा जाईल.'